शिंप्याच्या लेकीचं नाव

या मित्रांनो, जरा पुढे सरका. माझ्या एका बाजूचा स्पीकर केव्हाच बसला आहे, आवाज फार लांब जात नाही. जवळ बसलात तर एक गोष्ट सांगतो. ती गोड नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण देवाने तुम्हाला कान दिले आहेत ते नुसत्या गोड गोष्टींसाठी नव्हेत.

मी एक जुना लॅपटॉप आहे. एका कचेरीतल्या लोखंडी कपाटात, सगळ्यात खालच्या कप्प्यात, मोडक्या टेबलपंख्याच्या आणि गुंडाळून ठेवलेल्या वायरींच्या शेजारी पडून असतो. माझ्या 'न' आणि 'म' या कळांवरची अक्षरं पार पुसली गेली आहेत, कारण आयुष्यभर माझ्यावर एकच शब्द सर्वांत जास्त लिहिला गेला. तो शब्द म्हणजे 'नमस्कार'.

माझा जन्म एका झगझगीत कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या कितीतरी हातांनी मला जोडलं, पण माझ्याकडे बघून कुणी हसल्याचं आठवत नाही. माझ्या कपाळावरच्या इवल्याशा डोळ्याने पहिलं हसू पाहिलं ते ताईचं. कचेरीत सगळे तिला ताईच म्हणत, तिच्याहून मोठे असलेलेसुद्धा. खोकं उघडून तिने मला ओढणीच्या टोकाने पुसलं आणि म्हणाली, "चला राजे, लागा कामाला."

आमचं काम होतं अनोळखी माणसांची दारं ठोठावण्याचं. आमची कंपनी दवाखान्यांसाठी एक सॉफ्टवेअर विकायची. रुग्णांना वेळा नेमून द्यायच्या, म्हणजे कुणाला ताटकळत बसावं लागू नये, असं ते सॉफ्टवेअर. ताई डॉक्टरांची यादी करायची आणि त्यांना मेल लिहायची. एकदा लिहून दिलं की पुढचं सगळं यंत्र करायचं. पहिला मेल जायचा. उत्तर आलं नाही, तर काही दिवसांनी दुसरा: 'माझा मेल पाहिलात का?' मग लोक जिथे आपापली नोकरी आणि फोटो लावून ठेवतात त्या नेटवर्कवर ताईच्या हसऱ्या फोटोसकट ओळखीची विनंती, मग तिथे एक निरोप, आणि पुन्हा मेल. समोरच्याने एक अक्षर जरी उत्तर दिलं, तर यंत्र तिथेच थांबायचं आणि पुढे माणूस बोलायचा. मित्रांनो, हा नियम लक्षात असू द्या. माझी सगळी गोष्ट याच खुंटीवर टांगलेली आहे.

ताईचे वडील शिंपी होते. घरी ती आणि ते, दोघंच. कापड कापलं की अंगावर चढवून बघायचं, ट्रायल घेतल्याशिवाय शिलाई पक्की करायची नाही, ही त्यांची शिस्त लेकीच्या अंगात उतरली होती. शंभर जणांना मेल पाठवण्याआधी ती तो एकदा वडिलांना पाठवायची. म्हणून प्रत्येक यादीत सगळ्यात वर त्यांचाच पत्ता असायचा. मग ती फोन लावायची.

"बाबा, ट्रायल पाठवलीये. बघा जरा."

"आली गं. थांब, चष्मा कुठे ठेवला..." मागे शिलाईयंत्राची घरघर थांबायची. "हं. पहिली ओळ सैल आहे. आत घे थोडी. आणि हे 'अत्याधुनिक' काय लावलंयस? उगाच झालर. उसवून टाक."

"आणि बाबा, खाली उत्तर लिहू नका हं. उत्तर दिलंत की यंत्राला वाटतं गिऱ्हाईक बोललं. मग ते तुम्हाला पुढचं काही पाठवत नाही. मला शेवटपर्यंत सगळं नीट जातंय का, ते बघायचं असतं."

"नाही देत बाई. तोंड शिवून बसतो."

ती खळखळून हसायची आणि ओळ आत घ्यायची. तिच्या हट्टापायी म्हाताऱ्याने त्या नेटवर्कवर आपलं पानही उघडलं होतं. व्यवसाय: शिंपी. ओळखी: एक. ती एक म्हणजे अर्थातच त्यांची लेक.

ताईच्या मेलना खूप उत्तरं यायची. साहेब तिच्या खुर्चीमागे उभे राहून म्हणायचे, "अरे, बघा जरा, शिका काहीतरी! ताईचं नाव दिसलं की डॉक्टर इंजेक्शन बाजूला ठेवतात." कौतुकाने माझीही छाती फुगायची. फुगायला नको होती, पण काय करणार, मीही तिच्याच हाताखाली वाढलेला.

मग ताईच्या पोटात दुखू लागलं. एक हात पोटावर, एक हात माझ्यावर, अशी ती काम करायची. डॉक्टरांना ती लिहीत होती, 'रुग्णाचा वेळ मोलाचा आहे,' आणि स्वतः मात्र ओठ दाबून बसली होती. एकदा तिने साहेबांसाठी सुट्टीचा मेल लिहायला घेतला. तेवढ्यात साहेबच मागे येऊन उभे.

"ताई, महिनाअखेर आहे हो. एवढी यादी जाऊ द्या, मग खुशाल झोपा आठवडाभर."

"फार दुखतंय, साहेब."

"ॲसिडिटी असेल. मला पण होते."

तो मेल तसाच अर्धवट राहिला. 'साहेब, मला दोन दिवस सुट्टी' एवढीच अक्षरं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने माझ्यावर डोकं टेकवलं. मला वाटलं, दमली असेल. तिच्या कपाळाखाली एक कळ दाबली गेली आणि पडद्यावर एकच अक्षर ओळीमागून ओळ उमटत गेलं. कुणीतरी ओरडलं, तिला उचलून नेलं. ती परत आली नाही. पोटात काहीतरी फुटलं होतं, आणायला उशीर झाला, असं लोक आपसात बोलत होते.

कचेरी क्षणभर उभी राहिली. मग बसली. साहेबांनी खाकरून विचारलं, "तिची मेलची मालिका चालू आहे ना?"

"चालू आहे. पण साहेब, नाव..."

"नाव चालतंय तोवर चालू द्या. नवीन नाव जमायला वर्ष जाईल."

आणि मित्रांनो, ते चालू राहिलं. देह गेला आणि नाव कामावर राहिलं. नेटवर्कने एके दिवशी सगळ्यांना कळवलंसुद्धा: 'यांना नोकरीत पाच वर्षं झाली, अभिनंदन करा!' लोकांनी टाळ्यांची चित्रं टाकली. नाव ही केवढी पवित्र गोष्ट! कुणी ते प्रेमाने एकदा घेतलं तरी पोचतं म्हणतात. यंत्राने ते हजारदा घेतलं, पण आळवलं एकदाही नाही.

माझ्यासमोर आता नव्या बाई बसल्या. चाळिशीच्या, अबोल, सतत खोकणाऱ्या. मेल त्या लिहायच्या, खाली सही ताईच्या नावाची. त्यांना ते बोचत असणार. सहीची ओळ आली की त्या पडद्यावरून नजर काढून खिडकीकडे बघायच्या. जुनी यादी तशीच होती, आणि तिच्यात सगळ्यात वरचा पत्ताही. तो कुणाचा, हे विचारायला त्यांना कुणी वेळ दिला नव्हता.

पाठवलेला मेल कुणी किती वेळा उघडला, हे आम्हाला दिसतं. एका सकाळी साहेब आकडे बघून उडालेच.

"अहो मॅडम, हा पहिला बघा! एकेक मेल दिवसातून तीन-तीनदा उघडतोय. गरम गिऱ्हाईक आहे हे!"

"पण सर, पत्ता शिंप्याच्या दुकानाचा दिसतोय. शिंप्याला दवाखान्याचं सॉफ्टवेअर कशाला?"

"ते त्याला विचारा. फोन लावा. आणि ताईच्याच नावाने बोला, नाहीतर गोंधळेल बिचारा."

नव्या बाईंनी कानाला हेडफोन लावला. नंबर मीच लावला. पलीकडे शिलाईयंत्राची घरघर ऐकू आली आणि माझ्या अंगातून वीज गेली. ती घरघर मी ओळखत होतो. पण मला तोंड कुठे होतं?

"नमस्कार," बाई म्हणाल्या आणि त्यांनी ताईचं नाव घेतलं. "मी बोलतेय."

घरघर थांबली.

"पुन्हा म्हणा," म्हातारा म्हणाला.

बाईंनी पुन्हा नाव घेतलं.

"आवाज तिचा नाही."

"कुणाचा, काका?"

"माझ्या लेकीचा."

बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यांनी पडद्यावरच्या फोटोकडे पाहिलं, मग पुन्हा त्या पत्त्याकडे. त्यांना खोकल्याची उबळ आली. 

"काका, चुकलं माझं. मला खरंच माहीत नव्हतं. आत्ताच्या आत्ता तुमचं नाव काढते यादीतून."

"नको, नको! काढू नका, बाई!" तो घाबराघुबरा झाला. "मला सगळं कळतं. ती नाही, हे मला कळतं. तिला मीच खांदा दिलाय. पण मेल येतो तेव्हा वर तिचं नाव असतं. 'बरेच दिवस बोलणं झालं नाही, बरे आहात ना?' असं विचारतं. मी वाचतो. उत्तर देत नाही. उत्तर दिलं की थांबतं ना ते? तिनेच सांगितलं होतं. म्हणून तोंड शिवून बसलोय."

बाई रडत होत्या, आवाज न करता. थोड्या वेळाने म्हाताऱ्यानेच विचारलं, "अलीकडचे मेल तुम्ही लिहिता ना? टाका बदललाय, ओळखलं मी. आणि हा खोकला कधीपासूनचा?"

"बरेच दिवस झाले, काका. जायचंय दाखवायला. सुट्टी मिळाली की जाईन."

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला. 

त्याच दुपारी माझ्या पडद्यावर त्याचं उत्तर उतरलं. एवढे दिवस उराशी धरलेली गोष्ट त्याने आपल्या हाताने सोडली होती. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत लिहिलं असावं:

'साहेब, मी तिचा बाप. माझ्या लेकीने सुट्टी मागायची म्हणून घरी सांगितलं होतं. ती आता तिला द्या. मेल लिहिणाऱ्या बाईंनाही द्या, त्यांचा खोकला बरा नाही. आणि बाई, पहिली ओळ सैल आहे, आत घ्या. तुमच्या नावाने लिहा.'

यंत्राने आपला नियम पाळला. त्याच्या पत्त्यासमोर हिरवी खूण उमटली: 'उत्तर मिळाले. मालिका थांबवली.'

साहेबांनी ते वाचलं. कपाळ चोळत म्हणाले, "वाईट झालं हो." मग दोन पावलं गेले आणि वळले. "याचा पत्ता यादीतून काढून टाका. बाकीच्यांचं चालू ठेवा."

नव्या बाई उठल्या. त्यांनी भर दुपारी मला बंद केलं, पर्स उचलली आणि कुणालाही न विचारता दवाखान्यात निघून गेल्या. साहेब हाका मारत राहिले. त्या पुन्हा आल्या की नाही, मला ठाऊक नाही. मी जुना झालो होतो. सगळा मजकूर नव्या यंत्रावर गेला आणि मी या कपाटात आलो. कपाटाच्या फटीतून कळांची टकटक ऐकू येते. ताईचं नाव अजून कामावर आहे. तिचं सुट्टीचं अर्धं वाक्य मात्र कुणी नेलं नाही. ते माझ्याच पोटात आहे.

मित्रांनो, यंत्रावर धूळ बसली तर ती पुसता येते. माणूस दुखतंय म्हणाला, तर त्याचं तेव्हाच ऐका. आणि एक मागणं आहे. कधी तुमच्या घरी एखाद्या अनोळखी नावाचा, हसऱ्या फोटोचा मेल आला, 'बरेच दिवस बोलणं झालं नाही' म्हणणारा, तर तो पुसण्याआधी क्षणभर थांबा. आणि त्या शिंप्याच्या लेकीची आठवण काढा. तिने दोनच दिवसांची सुट्टी मागितली होती.