धबधब्यातून आलेली टरबुजं

शुक्रवारी पहाटे आमच्या देहजीरान गावात कोंबडा आरवायचा, पण ऐकायला माणूस नसायचा. सगळं गाव धबधब्याला निघालेलं असायचं. लूतच्या वाळवंटाच्या काठावर, जिथे पालसुद्धा सावली शोधून दमते, तिथे धबधबा. म्हातारे काठ्या टेकत, बाया पोरं पाठीशी बांधून, आमचा लंगडा न्हावी गाढवावर बसून, असे सगळे कोरड्या नदीच्या पात्रातून अडीच तास चालत जायचे. शेवटचा टप्पा अनवाणी. कारण दरवेश सुलतानमुरादची तशी आज्ञा होती.

हा सुलतानमुराद गेल्या वर्षापर्यंत किरमानच्या बसवर कंडक्टर होता. नवरोझच्या सुमारास खांद्यापर्यंत केस आणि हातात बैलाचं शिंग घेऊन गावात उगवला आणि म्हणाला, बसमध्ये मला दृष्टांत झाला. त्या बसमध्ये मीही खूपदा बसलो आहे. मला फक्त उलटी झाली.

त्याच्या दृष्टांतातली घळ डोंगराच्या पोटात होती. शुक्रवारी उन्हं वर आली की तो तिथे शिंग फुंकायचा आणि उभ्या कोरड्या कड्यावरून पाणी कोसळायचं. दुपार झाली की आटायचं. एरवी सहा दिवस तिथे सरडे फिरायचे. लोक पिस्ते, साखरेच्या ढेपा, कोंबड्या घेऊन जायचे आणि दोन बाटल्या पाणी घेऊन परत यायचे.

मी मात्र हे पाहिलं नव्हतं. माझं नाव यावर. मशहदची यात्रा केलेली म्हणून लोक मश यावर म्हणतात. मी गावचा पाटकरी. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी उघड्या पाटाने गावात येतं आणि कोणाच्या बागेला किती द्यायचं ते मी ठरवतो. परातभर पाण्यात तांब्याची वाटी तरंगत ठेवायची. तिच्या बुडाला सुईएवढं भोक. ती भरून बुडाली की एक वाटी झाली. माझ्या आजोबांची वाटी आहे ही, आणि तिच्याजवळून माणूस हलायचा नाही अशी आमच्याकडे रीत आहे. वाटी कधी खोटं बोलत नाही, असं मी दिवसातून दहादा म्हणायचो. ऐकून ऐकून माझी बायको गुलअंदाम कानात बोटं घालायची.

शुक्रवारचं, उन्हं वर आल्यापासून दुपारपर्यंतचं पाणी तूबा खालाचं. खाला म्हणजे मावशी, सगळ्या गावाची. चोवीस वाट्या. विधवा बाई, चाळीस डाळिंबाची झाडं. या वर्षी झाडांनी फुलंच टाकून दिली आणि पानं चुरगळायला लागली. तिच्या किरमानच्या मुलाने निरोप धाडला होता की बाग गेली तर आई, तू माझ्याकडे चौथ्या मजल्यावर राहायला ये. खाला गच्चीवरसुद्धा भिंत धरून चढते.

ती तीनदा माझ्याकडे आली. "मश, पाणी कमी येतंय रे मला."

"खाला, चोवीस वाट्या मोजून दिल्या. वाटी खोटं बोलत नाही."

"मग झाडं खोटं बोलतात का?"

"उन्हाळा आहे," मी म्हणालो. आणि तिच्या तोंडावर वाटी बुडवून दाखवली. आज ते आठवलं की माझी मला लाज वाटते.

मग ती बिचारी काय करणार? धबधब्याला जायला लागली. आपल्या पाळीच्या दिवशी बागेचं दार माझ्या भरवशावर सोडून, अडीच तास चालून, दरवेशापुढे कोंबडी ठेवून ती पाणी मागायची. आणि दोन बाटल्या आणून चाळीस झाडांना एकेक घोट घालायची.

आमच्या शाळेच्या माहरुखबाई एकदा माझ्या खोपीत आल्या. चहा प्यायल्या, वाटीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मश यावर, ही वाटी काय मोजते?"

"पाणी."

"नाही. वेळ मोजते. पाटात हातभर पाणी असो की बोटभर, वाटी तेवढ्याच वेळात बुडणार. पाणी कोण मोजतं?"

मला इतका राग आला की दिलेला चहा परत मागावासा वाटला. सात पिढ्या पाणी वाटणाऱ्या घराण्याला ही बाई शिकवते. पण त्या गेल्यावर मी बाहेर येऊन पाटात हात घातला. शुक्रवार होता, खालाची पाळी चालू होती, आणि पाणी मनगटालाही पोचलं नाही. वेळ मोजत होतो मी. आयुष्यभर वेळच मोजत होतो.

दुसऱ्या दिवशी मीच शाळेत गेलो. "बाई, पाणी वाटेत जातंय कुठे?"

"टरबुजांना विचारू," बाई म्हणाल्या.

आमची टरबुजं झऱ्याजवळ वर पिकतात. ती डोक्यावरून खाली कोण आणणार? आम्ही सालीवर सुरीने आपापल्या घराची खूण कोरतो आणि पाटात सोडून देतो. गावाच्या तोंडाशी काठ्यांची जाळी आहे, तिथे ती गार होऊन अडकतात, ज्याची त्याने खूण बघून न्यावीत. त्या आठवड्यात पहिली टरबुजं पिकली होती. शुक्रवारी उन्हं वर आली की बाईंनी ती झऱ्यावरून सोडायची आणि मी धबधब्याला जायचं, असं ठरलं. वाटीपाशी गुलअंदाम बसली. "अहो, ही वाटी मी सांभाळते," ती म्हणाली, "तुम्ही निदान एकदा तरी पाणी बघून या."

मला धबधब्याला निघालेला बघून गावाला वाटलं, मश यावरला सुबुद्धी झाली. तूबा खालाने वाटेत मला अर्धी भाकरी दिली. "माग रे तूही काहीतरी," म्हणाली. "मी एवढंच मागते की मला त्या चौथ्या मजल्यावर नको." मी भाकरी हातात धरून चाललो, खाववली नाही.

घळीत पोचलो. अनवाणी पाय भाजत होते. सुलतानमुराद दगडावर उभा. हिरवी शाल, डोळ्यांत सुरमा. पण सवय जाते कुठे?

"पुढे सरका, पुढे सरका. मागच्यांना दर्शन घेऊ द्या. कोंबड्या डावीकडे, पिस्ते उजवीकडे. हे पाणी सात आकाशं ओलांडून येतं, वाटेत कुठेही न थांबता. ज्याच्या मनात शंका असेल त्याने आत्ताच उतरून घ्यावं."

कोणी उतरलं नाही. त्याने शिंग फुंकलं. डोंगराने आवाज परत दिला. थोडा वेळ काही नाही. मग कड्यावरून माती घसरली, तुतीची दोन सुकी पानं आली आणि पाणी आलं. खरं सांगतो, क्षणभर माझेही हात जोडले गेले. वाळवंटात पाणी पडताना दिसलं की अक्कल जरा मागे राहते.

लोक रडत होते, नाचत होते. न्हावी लंगडा पाय धारेखाली धरून बसला होता. आणि तेवढ्यात कड्यावरून काहीतरी गोल आणि हिरवं सुटलं, खडकावर आपटलं आणि फुटलं. लाल फोडी चहूकडे उडाल्या. दरवेशाच्या दाढीत बिया.

न्हाव्याने पाय धारेबाहेर ओढला.

दरवेशाने बी चघळून बघितलं. त्याचं डोकं चालतं, हे कबूल करायला हवं. "जन्नतचं फळ," तो म्हणाला. "मोमिनांनो, आजवर पाणी आलं, आज जेवणही आलं. तुकडे उचला. पण रांगेत."

रांग कसली, झुंबड उडाली. सालीच्या तुकड्यासाठी दोन सख्खे भाऊ भांडले. एवढ्यात दुसरं टरबूज आलं. ते डोहात पडलं आणि शहाण्यासारखं तरंगत तूबा खालाच्या पायाशी आलं. तिने ते उचललं, उलटं केलं आणि बघत राहिली.

"ही तर फणीची खूण," ती म्हणाली. "तीन दात. माझ्या नवऱ्याची खूण आहे ही."

"धन्य आहेस, खाला," दरवेश लगेच बोलला. "तुझा नवरा स्वर्गातून तुला टरबूज पाठवतोय."

खालाने टरबूज पोटाशी धरलं. मला वाटलं, आता ही रडणार आणि सगळं संपणार.

"रहमतने?" ती म्हणाली. "जन्मात कधी त्याने जाळीपासून घरापर्यंत टरबूज आणलं नाही. तो आता सातव्या आकाशातून पाठवेल?"

कोणीतरी फिसकन हसलं. तिसरं टरबूज आलं. न्हाव्याने ते पकडलं. "ह्याच्यावर वाटी कोरलीय," तो म्हणाला. "ही मश यावरची खूण." मग त्याने माझ्याकडे घाबरून बघितलं. "मश, तू बरा आहेस ना?"

"मी मेलेलो नाही," मी म्हणालो. "हवं तर चिमटा काढ."

त्याने खरंच काढला.

चौथं टरबूज मोठं होतं. त्यावर खूण नव्हती, अक्षरं होती, फळ्यावर लिहितात तशी ठसठशीत. न्हाव्याला वाचता येत होतं. त्याने मोठ्याने वाचलं:

"सुलतानमुराद, पाटातला पत्रा काढ. माहरुख, इयत्ता चौथी."

बाई चौथीच्या वर्गाला शिकवतात, सही अशीच करतात; आणि पाट पत्र्याशिवाय वळत नाही, हे त्यांनी झऱ्यावर बसूनच ताडलं होतं. दरवेश म्हणाला की फरिश्त्यांची भाषा माणसाला नीट वाचता येत नाही. पण तूबा खाला ऐकायला थांबली नव्हती. टरबूज काखेत मारून ती कड्याशेजारच्या शेळ्यांच्या वाटेने वर चढत होती. भिंत धरून गच्चीवर जाणारी बाई. मी मागे, माझ्यामागे निम्मं गाव.

वर आमचाच पाट होता. खालून नदीच्या पात्राने अडीच तास वळसे घेत आम्ही जिथे पोचत होतो, ती घळ पाटाच्या बरोब्बर खाली होती. तिथे पाट धुवायला वापरतात ती जुनी मोरी आहे, फळीने बंद केलेली. फळी काढून ठेवली होती. पाटात आडवा पत्रा घातला होता, त्यामुळे दोन हिस्से पाणी मोरीतून कड्याखाली आणि जेमतेम एक हिस्सा पत्र्याखालून गावाकडे. आणि शेजारी तुतीच्या सावलीत दरवेशाचा मेहुणा नियाज बसला होता. त्याच्या मांडीवर पाचवं टरबूज, अर्धं खाल्लेलं.

"हे माझं नाही," तो टरबुजाकडे बघत म्हणाला. "वाहत आलं."

"आणि पत्रा?" मी विचारलं. "तोही वाहत आला?"

"शिंग वाजलं की घालायचा, एवढंच मला सांगितलंय. फुकट कोंबडी मिळते म्हणून मी—"

तूबा खालाने त्याला बोलू दिलं नाही. तिने स्वतः पत्रा ओढून काढला, फळी मोरीत बसवली आणि तिच्यावर बसली. पाणी गावाकडे वळलं. खाली घळीतून लगेच ओरडा आला, "आटलं! कोणीतरी शंका घेतली रे!"

"हो," खाला वरून ओरडली. "मी घेतली."

मी पाटाच्या काठावर बसलो. चार महिने ही बाई स्वतःच्याच पाण्यापुढे हात जोडत होती. स्वतःचं चोरलेलं पाणी मागायला जात होती, आणि ती जात होती म्हणूनच ते चोरता येत होतं, कारण शुक्रवारी पाटावर फिरणारं कोणी उरतच नव्हतं. आणि तिने जेव्हा मला खरं सांगितलं, तेव्हा मी तिच्यापुढे वाटी नाचवली. दरवेश लबाड होता. मी प्रामाणिक होतो, आणि त्याचं काम माझ्या प्रामाणिकपणावरच चाललं होतं. मी तिथेच तिला हे सगळं सांगितलं आणि माफी मागितली.

तिने आपलं टरबूज माझ्यापुढे सरकवलं. "टरबूज काप," म्हणाली. "ऊन झालंय."

सुलतानमुराद संध्याकाळच्या बसने गेला. गावाने कोंबड्या उतरवून घेतल्या, तिकीट मात्र त्याचं त्याला काढायला लावलं. काही लोक अजून म्हणतात की त्याच्यात काहीतरी होतं. होतं ना, पत्रा होता.

खालाची एकतीस झाडं वाचली, नऊ वाळली. त्यातल्या एका वाळल्या झाडाची सरळ फांदी तिने मला आणून दिली. त्यावर मी बोटाबोटावर खाचा पाडल्या आणि ती पाटात उभी रोवली आहे. आता गुलअंदाम वाटी मोजते, मी काठीवर पाण्याची उंची बघतो आणि शुक्रवारी पाटाच्या काठाने झऱ्यापर्यंत चालत जातो. त्या मोरीपाशी थांबून खाली घळीत डोकावतो. वरून बघितलं की तिथे चमत्कार करण्यासारखं काही नाही.

म्हणून माझं एवढंच सांगणं आहे. कोणी अद्भुत दाखवलं तर खुशाल बघा, पण खाली उभं राहून बघू नका, वर चढून बघा. आणि कोणी येऊन सांगितलं की माझी झाडं वाळतायत, तर त्याला आपली वाटी दाखवू नका. आधी त्याच्या झाडांकडे जा. मला ते कळायला नऊ झाडं लागली.