मावळ्याची मशाल

प्लॅस्टिकचा मावळा उभा होता, पण हातातली मशाल विझली होती. वृंदाने त्याला उलटा करून पाहिलं. पायाखालच्या दोन सेलपैकी एकच उरला होता, आणि शेजारी तिची तीन वर्षांची बाळी ओठ पुसत बसली होती.

हौस वृंदाचीच. धाकटा दीर शंकर, त्याने फासे टाकून किल्ला सर करायचा खेळ बनवला आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही बीएस्सी ना? मग ह्या मावळ्याची मशाल पेटवून दाखवा." पहिला लाल दिवा चौकोनी बॅटरीला थेट लावला, तो फट्कन गेला. दुसऱ्यासाठी तापल्या सुईने भोक पाडायला गेली, तर मावळ्याचं कोपरच वितळलं. शेवटी उल्हासनगरच्या घड्याळवाल्याकडून शर्टाच्या बटणाएवढे दोन सेल आणले आणि एकावर एक चिकटवले. कशाने? कणकेने. डब्याचं झाकण असो की फाटकं कॅलेंडर, ह्या घरात सगळं कणकेनेच बसायचं. आणि बाळी कच्ची कणीक चोरून खाते, हे अख्ख्या मोरिवलीला ठाऊक!

"बाळे, आ कर. काय खाल्लंस?"

"मावळ्याची पोळी."

जिभेवर कणीक होती. सेल कुठेच नव्हता.

"केळं चार तिला," सासूबाई गोजरबाई म्हणाल्या. "शरदनं लहानपणी चाराणे गिळले होते. दुसऱ्या दिवशी रोख परत!"

"आई, नाणं नाहीये हो ते! आतडं जाळेल!"

पदर खोचून, बाळीला कडेवर घेऊन ती दवाखान्याकडे निघाली. बाळीला जरा ढेकर आली तरी ही थांबून तिचं तोंड बघायची. कारखान्याच्या गेटाशी नवरा, शरदचंद्र, पाळी संपवून येताना दिसला.

"अहो, हिने सेल गिळलाय! एक्स-रेवाला बसला असेल ना अजून? वाजले किती?"

त्याने मनगट वळवलं. "तीन वीस. पण सेल कुठला?"

वृंदा जागीच थबकली. ते घड्याळ दिवाळीपासून बंद होतं.

"हे... चालू कसं?"

"सकाळी मावळ्याखालून एक निसटून पडलेला. म्हटलं, पोरगी तोंडात घालेल. खिशात टाकला, मग वाटलं, घड्याळात बसतोय का बघू." तो ओशाळून हसला. "बसला."

वृंदाने त्याचं मनगट कानाशी धरलं. टिकटिक नीट ऐकून घेतली.

"सांगून जायला काय झालं होतं?"

मग तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, तिने बाळीला पुन्हा आ करायला लावलं.