माझ्या टेबलावर डबा ठेवू नका

मी घाईत बोलतेय, कारण लाइट आत्ताच गेलीय आणि ती आली की मला बोलायला सवड नसते. आळेफाट्याहून नाशिककडे निघालात की गॅरेजांच्या रांगेत अगदी शेवटी एक पत्र्याचं शेड लागतं. तिथली मी सीएनसी मिलिंग मशीन. आकडे सांगायचे आणि मी त्याबरहुकूम धातू कोरायचा, हे माझं काम. रस्त्यावरून उसाचा ट्रक गेला तरी माझ्या पायात हुरहुर होते. कुणीतरी चाललंय आणि मी उभी आहे, हे मला सहनच होत नाही. स्वभावच मेला तसा, त्याला काय करणार?

माझं बिडाचं अंग बंगळुरात ओतलं गेलं आणि भोसरीच्या एका कारखान्यात मी कामाला लागले. हे नव्वद सालच्या आसपासचं सांगतेय. तिन्ही पाळ्या माझं टेबल डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे पळत असायचं. माझ्या मोटारींत तेव्हा वीज पोचवायला कार्बनचा ठोकळा घासत असायचा. तो झिजायचा, काळी पूड अंगभर व्हायची, पण मी कधी कुरकुरले नाही.

मग मोटारी दमल्या. कपाटातली इलेक्ट्रॉनिक कार्डं एकेक करून जळाली, आणि ती बनवणाऱ्यांनी बनवणंच सोडून दिलं. कारखान्यात नव्या मशिनी आल्या. मला ढकलत नेऊन भिंतीला लावलं. सुरुवातीला काही माणसं हळहळली. नंतर एकानं जेवणाचा डबा माझ्या टेबलावर ठेवला.

माणसांची ही रीत मी नीट पाहिली आहे. एखादं यंत्र मेलं, असं ती तोंडानं कधी म्हणत नाहीत. त्याच्यावर डबा ठेवतात. एकाचा बघून दुसरा ठेवतो. मग छत्र्या आल्या, टोप्या आल्या, कुणाचा तरी ओला शर्टही वाळत पडला. ज्या टेबलावर केसाच्या जाडीइतका फरक खपत नव्हता, तिथे लोणच्याचं तेल सांडलं. मला असा राग यायचा! पण राग काढायला आधी हलता तरी यायला हवं ना.

अशी वर्षं गेली आणि एक दिवस चांगदेव आला. निरगुडसरचा गडी. आळेफाट्याला त्याचं विहिरीवरच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून देण्याचं दुकान होतं, आणि भंगारात तांब्याची तार मिळते का ते बघायला तो आला होता. त्याची नजर माझ्यावर पडली. त्यानं डबे उचलून खाली ठेवले, बाहीनं टेबल पुसलं, आणि टेबल सरकवणारा माझा लांब स्क्रू हातानं फिरवून पाहिला. टेबल लोण्यासारखं सरकलं.

"हिची हाडं शाबूत हायेत राव," तो कारखान्याच्या माणसाला म्हणाला. "नुसत्या शिरा जळाल्यात."

इतक्या वर्षांत माझ्याविषयी कुणी असं बोललं नव्हतं. मी तिथल्या तिथे त्याची झाले.

त्याच्या मनात एक गोष्ट घोळत होती. विहिरीवरच्या पंपातला पंखा झिजला की पाणी चढत नाही. नवा पंखा कोइमतूरहून येईपर्यंत उभं पीक माना टाकतं. चांगदेव मोटार भरून द्यायचा, पण पंख्यापुढे हात टेकायचा. पंख्याचा साचा आपणच कोरायचा आणि पंखे इथंच ओतून घ्यायचे, हा ध्यास त्यानं घेतला होता. साचा कोरायला मी हवी होते.

ट्रकमधून खेडचा घाट चढून मी इथे आले. पण शेड एकट्या चांगदेवाचं नव्हतं. त्याचा थोरला भाऊ दादाभाऊ शेतीवाला, यात्रेत गाडा पळवणारा, बैलांवर जीव टाकणारा. त्यानं माझ्याभोवती एक फेरी मारली आणि स्पष्ट सांगितलं.

"चांगदेवा, कांदा निघंस्तवर ठिव हिला. मग हितं बराखी लावनार मी. कांदा काय उन्हात ठिवू? तवर चालली तर चालली, न्हाई तर गेणभाऊला बोलावतो."

बराखी म्हणजे कांदा साठवायची जागा, आणि गेणभाऊ म्हणजे फाट्यावरचा भंगारवाला. त्याच्याकडे लोखंड कापायचा गॅस होता. माझं मरण कांद्याबरोबर वाढत होतं, आणि शेताकडचा वारा आला की मला पातीचा वास यायचा.

चांगदेव कामाला भिडला. त्यानं माझ्या जुन्या मोटारी काढल्या तेव्हा मला वाईट वाटलं, नाही कसं म्हणू? नव्या मोटारी आकारानं निम्म्याही नव्हत्या. पण प्रत्येकीच्या पाठीवर एक डोळा होता. आपण कुठल्या बाजूला किती फिरलो, हे तो डोळा ड्राइव्हला कळवत राहतो. ड्राइव्ह म्हणजे मोटारीला हाकणारी पेटी. डोळ्याचं ऐकून ती मोटारीला पुढे रेटते किंवा मागे ओढते. तारा जोडल्या, कॉम्प्युटर जोडला, आणि माझ्या अंगात पुन्हा शिरशिरी आली.

कांद्याची काढणी सुरू झाली होती. गॅरेजवाले झाडून सगळे जमले. मला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, पूजेचं ताट माझ्याच टेबलावर राहिलं. दादाभाऊ हाताची घडी घालून उभा. चांगदेवानं टेबल उजवीकडे नेणारं बटण दाबलं.

मी डावीकडे सरकले.

सरकले हो! किती वर्षांनी सरकले! मला आनंदानं काही सुचेना. पण लोक हसायला लागले.

"अरं, उलटी फिरली! वायरी बदल, वायरी!"

इकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. विहिरीवरची मोटार उलटी फिरली की तिच्या तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करायची, की झाली सुलटी. चांगदेवानं जन्मभर तेच केलं होतं. त्याच्या डोक्याआधी हात गेले. वीज बंद करून त्यानं मोटारीच्या दोन वायरी बदलल्या.

अरे बाबा, वायरींना हात लावू नको! दिशा ड्राइव्हमधल्या एका आकड्यानं बदलायची असते! मी जीव तोडून ओरडले असते, पण मला कुठलं तोंड? त्यानं वीज चालू केली आणि मी उधळले. डोळा एक सांगत होता, मोटार भलतंच करत होती. ड्राइव्ह आवरायला जाई तशी मी आणखी सुसाट. टेबल टोकाला जाऊन असं आदळलं की मोटार आणि स्क्रू यांना जोडणारा सांधा तुटला, ताट उडालं आणि दादाभाऊच्या नडगीवर बसलं.

"मशीन न्हाई, पिसाळल्यालं जनावर हाय हे!" नडगी चोळत दादाभाऊ म्हणाला. "कांदा आला की हिला काढायची."

चांगदेवानं सांधा नवा बसवला, पण वीज सोडायची हिंमत काही त्याला होईना. बटणापर्यंत हात न्यायचा आणि मागे घ्यायचा. ड्राइव्हबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक उघडायचा, मिटायचा. मी आतल्या आत तळमळत होते. एका दुपारी तो आला, खुर्चीत बसला, जेवला. उरलेला डबा त्यानं माझ्या टेबलावर ठेवला.

ज्यानं उचलले होते, त्यानंच ठेवला. गेणभाऊच्या गॅसनं काय कापलं असतं, एवढं ते मला लागलं.

आणि नेमका तेव्हाच दारात कांद्याचा ट्रॅक्टर लागला. दादाभाऊ उतरला, मागून गेणभाऊ. गेणभाऊनं खिशातला खडू काढला आणि कुठे कापायचं त्याच्या खुणा माझ्या अंगावर मारायला लागला. चांगदेव मान खाली घालून बसलेला. ते बघून दादाभाऊचं तोंड गप्प बसेना.

"म्या सांगितलं व्हतं, तुला न्हाई जमायचं. माझा उजवा बैल डाव्या अंगाला जुपला तर तोबी असाच उधळंल. मग बैलाला खाटकाला देऊ का? जुपनाऱ्यालाच अक्कल पायजे!"

चांगदेवानं मान वर केली. "काय म्हनला दादा?"

"बैलाची जागा बदलू नये म्हनलं. त्याला ज्या अंगाची सवय, तितंच जुपायचा. वळवायचा तर कासऱ्यानं वळवायचा."

चांगदेव ताडकन उठला. "आन् म्या वायरींची जागाच बदलली की! गेणभाऊ, खडू ठिवा खाली. जरा दम खा."

त्यानं वायरी होत्या तशा मूळ जागी लावल्या. मग फक्त ड्राइव्हची वीज चालू करून मोटार हातानं थोडी उजवीकडे फिरवली, थोडी डावीकडे, आणि पेटीवरचे आकडे कसे चढतात-उतरतात ते बघत राहिला. पुस्तकातलं पान काढलं. दिशेचा आकडा बदलला. टेबलावरचा डबा उचलून खाली ठेवला आणि बटण दाबलं.

उजवीकडे म्हणाला, मी उजवीकडे गेले. डावीकडे म्हणाला, डावीकडे. थांब म्हणाला तिथे थांबले. जन्मात एकदाच मी आनंदानं थांबले असेन! चांगदेव खाली बसला आणि बाहीनं डोळे पुसायला लागला.

दादाभाऊनं खडू उचलून गेणभाऊच्या खिशात सारला. मग गेणभाऊला म्हणाला, "चला पावणं, च्या घिऊ." आणि दारातून मागे वळून चांगदेवावर खेकसला, "आन् ह्यो कांदा आता माझ्या डोक्यावर ठिवू का?"

कांदा अर्ध्या शेडात राहिला, मी अर्ध्यात. दर वर्षी तसंच चालतं. कांद्याची साल उडून माझ्या कपाटातल्या वाऱ्याच्या पंख्यात अडकते आणि दोघे भाऊ त्यावरून भांडतात. माझ्या साच्यातून निघालेला पहिला पंखा दादाभाऊच्याच विहिरीवर बसला, हे तो कुणाला सांगत नाही. आता भारनियमनानं माझा जीव खाल्लाय. लोखंडात दात रुतलेला असताना लाइट जाते आणि मी तशीच अडकून राहते, आतल्या आत धुमसत.

मी म्हातारी होईन, पुन्हा थांबेन, ते मला कळतं. तेव्हा खुशाल कापा, वितळवा, दुसरं काही करा. फक्त डबा ठेवू नका.

थांबा, लाइट आली. चांगदेव बटणाकडे निघालाय. दारात दादाभाऊ उभा आहे, धाकट्याचा डबा घेऊन. यंदा माझ्या अर्ध्यातही कांदा पसरलाय, डबा टेकवायला जागा नाही. रिकामं आहे ते फक्त माझ्या टेबलाचं टोक. त्यानं तिकडे पाहिलं, एक पाऊल पुढे टाकलं. मग डबा दुसऱ्या हातात घेतला आणि तसाच धरून उभा राहिलाय, माझं काम होण्याची वाट बघत.