पाच तसबिरींचं दालन

कोडेकर हे नाव त्यांना आईवडिलांनी दिलेलं नव्हतं; गेम बनवणाऱ्या कंपनीतल्या सहकाऱ्यांनी दिलं होतं. नोकरीभर त्यांनी एकच धंदा केला. दाराला कुलूप लावायचं आणि किल्ली अशा ठिकाणी ठेवायची, की सापडल्यावर खेळणाऱ्यानं कपाळावर हात मारून घ्यावा. निवृत्तीनंतर हाच उद्योग ते घरात करू लागले होते. चष्मा फ्रीजमध्ये निघाला. वीजबिल उशीच्या अभ्र्यात निघालं. मग एकदा गॅस दुपारभर चालू राहिला, आणि त्यावर भांडं नव्हतं.

"बाबा, आता माझ्याकडे चला," लेक म्हणाली.

"मी माझ्या घरात ठणठणीत आहे."

"घर ठणठणीत राहील का, ते विचारतेय मी."

नेमक्या त्याच आठवड्यात कंपनीनं त्यांचा सगळ्यात गाजलेला जुना गेम नव्या चित्रांसकट मोबाइलवर आणायचं ठरवलं, आणि बाजारात येण्याआधीची प्रत मूळ कर्त्याला पाठवून दिली. कोडेकरांनी ती लेकीच्या नाकासमोर धरली.

"रविवारपर्यंत हा कुणालाही न विचारता संपवतो. संपवला, तर मी इथेच राहणार आणि तू हा विषय पुन्हा काढायचा नाहीस. नाही संपवला, तर बॅग भर."

"स्वतःच घातलेली कोडी स्वतःच सोडवणार? ही कसली पैज?"

"जिंकण्यासारखी. जन्मात एकदा तरी लावून बघावी म्हटलं."

सुरुवात झोकात झाली. भिंतीतली पळवाट, उलटं चालणारं घड्याळ, पाण्याखालचा जिना, सगळे जुने सोयरे भेटल्यासारखे भेटले. बोट जाड असल्यामुळे एक कपाट उघडताना शेजारची खिडकी तीनदा फुटली, पण ते काही डोक्याचं काम नव्हे.

मग आलं शेवटचं दालन. भिंतीवर एकाच कुटुंबातल्या पाच जणांच्या तसबिरी, पाचही वाकड्या. कोडेकरांनी रचल्याप्रमाणे प्रत्येक माणूस दुसऱ्या कुणाकडे तरी डोळे वटारून बघणारा. नजरेमागून नजर धरत जायचं, त्या क्रमानं तसबिरी सरळ करायच्या, की दार उघडतं. आत्या काकाकडे बघते, काका सुनेकडे, सून आजोबांकडे, आजोबा थोरल्याकडे. हे उत्तर कोडेकरांना पाठ होतं. त्यांनी ते मांडलं. दार हललं नाही.

पुन्हा मांडलं. उलटं मांडलं. सगळ्या गेममध्ये अडलेल्यासाठी कोपऱ्यात एक दिवा होता, तो दाबला की इशारा मिळे. कोडेकर इतके दिवस त्या दिव्याकडे तुच्छतेनं बघत होते. आता हळूच शोधायला गेले, तर या दालनात दिवाच ठेवलेला नव्हता.

रविवारी लेक आली तेव्हा ते तसबिरींकडे बघत बसले होते आणि तसबिरी एकमेकांकडे. तेवढ्यात त्यांना दिसलं, की आजोबांचे डोळे मिटलेले आहेत.

"सापडलं," ते म्हणाले. "चित्रकारानं घाण केलीय. माझ्या आजोबांचे डोळे टक्क उघडे होते. डोळे मिटलेला माणूस बघणार कुणाकडे?"

"कुणाला विचारायचं नाही, असं ठरलंय बाबा."

"विचारत नाहीये. तक्रार करतोय."

गेमची प्रत पाठवणाऱ्या कंपनीतल्या मुलीला त्यांनी फोन लावला. ऐकायला कमी येत असल्यामुळे फोन नेहमीसारखा स्पीकरवर होता.

"सर, चूक नाहीये ती," मुलगी म्हणाली. "डोळे तुम्हीच मिटायला लावलेत. गेल्या वर्षी ऑफिसात येऊन हे कोडं पूर्ण बदलून दिलंत की. जुनं उत्तर सगळ्यांना पाठ झालंय, म्हणालात. इशाऱ्याचा दिवाही तुम्हीच काढायला लावलात."

लेक खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"हो तर," कोडेकर म्हणाले. "मीच काढायला लावला होता. कसं काय वाटलं कोडं?"

"भन्नाट, सर. उत्तर कळलं तेव्हा आम्ही सगळे हसत सुटलो."

"हसण्यासारखं आहे?"

"म्हणजे काय."

कोडेकरांनी आवाज जमेल तितका सहज केला. "मग एकदा सांग बघू. तुमच्या नीट लक्षात आहे ना, ते बघतो."

मुलगी खळखळून हसली. "नाही हं सर. तुम्हीच बजावून ठेवलंय. 'उत्तर कुणालाही द्यायचं नाही, मलासुद्धा नाही. मी फोन करीन, गोड बोलेन, भुलायचं नाही,' असं. मी नाही फसायची."

"मी खरंच विचारतोय गं."

"हेही म्हणाला होतात, की तुम्ही असंच म्हणाल."

आता हिला कोणत्या तोंडानं सांगायचं, आणि ते लेकीच्या देखत?

"शाब्बास," कोडेकर म्हणाले आणि फोन ठेवला.

लेकीनं काही विजय साजरा केला नाही. तिनं तसं केलं असतं, तर त्यांना भांडता तरी आलं असतं. ती उठून आतल्या खोलीत गेली. ते पुन्हा आजोबांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघू लागले. कोडं सुंदर होतं, यात शंका नव्हती. ज्यानं केलं त्याला एकदा भेटायला हवं होतं.

"बाबा, तुमचे गरम कपडे कुठल्या कप्प्यात आहेत?"

"खालच्या," कोडेकरांनी ठासून सांगितलं.

खालचा कप्पा उघडल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा. मग तिनं कपाटातला एकेक कप्पा, अगदी हळू, आवाज होऊ न देता उघडायला सुरुवात केली.