आधी बा बसेल

मी आरामखुर्ची बोलतेय. नावातच आराम आहे म्हणून हेवा करू नका. चाळीस वर्षांत माझ्यावर एक माणूस धड बसलेला नाही. आराम नको नको झालाय मला!

अमीनाबादच्या एका गल्लीत इरफान मिस्त्रींनी मला शिसमाच्या लाकडातून घडवलं. माझे मालक भाऊराव तेव्हा लखनौच्या सरकारी ऑडिट ऑफिसात होते. कागदावर माप नाही, चित्र नाही. दुकानाच्या फरशीवर त्यांनी मला खडूनं काढलं. पाठ अशी कलती की बसणारा अर्धा आडवा व्हावा. बैठक वेताची. हात लांबच लांब, आणि हातांखाली दडलेल्या दोन फळ्या. त्या पुढे फिरवायच्या आणि त्यांच्यावर पाय टाकून खुशाल पडायचं. मिस्त्री म्हणाले, ही तर आमची आरामकुर्सी. भाऊराव म्हणाले, आमच्याकडे हिला साहेबाची खुर्ची म्हणतात.

त्यांचे वडील, म्हणजे बा, मूर्तिजापूरजवळच्या डाकबंगल्यावर चौकीदार होते. दौऱ्यावरचा साहेब अशा खुर्चीत तंगड्या पसरायचा आणि बा खाली वाकून त्याचे बूट काढायचे. जन्मभर ती खुर्ची त्यांनी पुसली, तिच्यावर कधी टेकले नाहीत. माझ्या घरी बा अशाच खुर्चीत बसेल, असं भाऊरावांनी लहानपणीच ठरवलं होतं.

बा आले. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं मला पुसलं आणि माझ्या पायाशी जमिनीवर बसले. भाऊरावांनी किती विनवलं! बा नुसते हसून म्हणायचे, बसतो, बसतो. भाऊरावही बसेनात. बापाच्या आधी त्या खुर्चीत बसायचं म्हणजे काय! ते आपले पलंगाच्या कडेला. असा महिना गेला, बा गावी परतले आणि त्याच उन्हाळ्यात वारले.

मग तर संपलंच. लहानग्या अनुपनं एकदा माझ्यावर उडी मारली, तर भाऊरावांनी पोराला फैलावर घेतलं. त्यांची बायको गयाबाई फटकळ. खुर्ची बसायला आणली की हार घालायला, असं तिनं तोंडावर विचारलं. 

चार वर्षांपूर्वी गयाबाई गेली. लखनौतल्याच सरोजिनी नगरच्या या फ्लॅटमध्ये आता अनुप ऑफिसला जातो, नात पायल कॉलेजला. भाऊराव मराठीत विचारतात, पायल हिंदीत उत्तर देते. माझ्यावर जुने पेपर आणि इस्त्रीचे कपडे. वेत वाळून कडक झालाय. दुपारभर भाऊराव पलंगाच्या कडेला आणि मी समोर. माणूस हाताच्या अंतरावर असून मला फार एकटं वाटतं हो.

आता त्यांचे गुडघे गेलेत. अनुपनं बटण दाबलं की पाय वर उचलणारी गुबगुबीत खुर्ची आणली. तिला रिक्लायनर म्हणतात. घरात दोघींना जागा नाही. पायलनं मोबाइलवर माझा फोटो टाकला, खाली लिहिलं ‘प्लांटर चेअर’. मळेवाल्या गोऱ्यांची खुर्ची म्हणे! घडले अमीनाबादेत आणि नाव हे असं. रविवारी गिऱ्हाईक मला न्यायला येतंय.

काल पायल म्हणाली, “दादाजी, इसके जाने से पहले एक बार बैठ तो जाइए.”

“बा बसला नाही, पोरी. मी कसा बसू?”

एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. पायल बराच वेळ त्यांची पाठ चोळत राहिली.

आता ऐका, हे फक्त मला ठाऊक आहे. गावी निघायच्या सकाळी भाऊराव रिक्षा आणायला गेले होते, गयाबाई आत डबा भरत होती. बा मला पुसत होते. पुसता पुसता हळूच म्हणाले, “माहा भाऊराव तुह्यावर बसलेला डोये भरून पाहाचा व्हता. त्याच्यासाठीच थांबलो महिनाभर. साहेब झाला पोरगा, मंग बसत काहून नाही?”

मी पडले लाकूड. सांगू कशी? तुम्हाला तोंड आहे. रविवारला अजून तीन दिवस आहेत. लखनौत ओळखीचं कुणी असेल तर त्याला भाऊरावांकडे धाडा. म्हणावं, बा स्वतः बसायला आलेच नव्हते. ते तुम्हाला बसलेलं बघायला आले होते.