गाळलेली यादी

केंटकीत प्रेथरसाहेबाच्या शेतावर आम्ही वीस-बावीस गुलाम, आणि अक्षर ओळखणारी मी एकटी. थोरल्या बाईसाहेबांची नजर गेली तेव्हा त्यांना बायबल वाचून दाखवायला कुणीतरी हवं होतं, म्हणून त्यांनीच मला शिकवलं. त्या गेल्या आणि त्यांचा मुलगा, हा प्रेथरसाहेब, मालक झाला. वाचणारा गुलाम आणि चावणारा घोडा त्याला एकाच मापाचे. मग आमचं वाचन रविवारी दुपारी, कपडे धुवायच्या खोपटात, चोरून चाले.

बायबलात मधेच नावांची रांग लागते. ह्याला तो झाला, त्याला हा झाला, संपता संपत नाही. ती आली की म्हातारे जेरिकोकाका म्हणायचे, "केझाया, पोरी, ही बारशाची वही ठेव बाजूला. पुढं चल." सगळे हसायचे आणि मी पान उलटायचे. वर्षानुवर्षं असंच चाललं. नावं आली की ओलांडायची, हे वळण माझ्या जिभेलाच लागून गेलं होतं.

१८६३ सालच्या जानेवारीत चूल पेटवायला दिलेल्या रद्दीत मला वर्तमानपत्रात छापलेला अध्यक्ष लिंकनसाहेबांचा हुकूम सापडला. तेव्हा लढाईला दीड-पावणेदोन वर्षं झाली होती. दक्षिणेची राज्यं देशातून फुटून निघाली होती आणि अध्यक्ष त्यांना परत आणायला झगडत होते. आता त्यांनी गुलामांना सोडायचा हुकूम काढलाय, एवढं आमच्या कानावर आलेलं होतं. मी तो कागद काचोळीत खोचून खोपटात नेला.

माझा धाकटा भाऊ टायटस दाराला पाठ लावून बसला. बाविशीतलं पोर. आई जाताना त्याचा हात माझ्या हातात देऊन गेली होती. ह्या जगात माझं म्हणावं असं तेवढंच.

मी वाचायला लागले. वकिली भाषा, एकेक वाक्य दोरखंडाएवढं. बंडखोर, मुलूख, अमुक-तमुक. मग आली नावं. आर्कान्सा, टेक्सास, लुईझियाना, त्याच्या पोटात आणखी कुठल्या कुठल्या परगण्यांची.

"सोड गं ते," जेरिकोकाका म्हणाले. "पुढं काय ते बघ."

मी सोडलं. एवढंच केलं मी आयुष्यात, पण केलं. बोट खाली सरकवलं आणि जिथं "स्वतंत्र आहेत आणि यापुढे स्वतंत्र राहतील" असं होतं तिथून मोठ्यानं वाचलं. बायका रडायला लागल्या. टायटस म्हणाला, "ताई, परत वाच." मी परत वाचलं, तेही तिथूनच.

"झालं तर मग," तो उठला. "लेक्सिंग्टनला लोहाराकडं जातो. काम मिळालं की तुला न्यायला येतो."

"अरे, मालकाला सांग तरी," मी म्हणाले.

"का म्हणून? आता तो मालक कुणाचा?"

असा छाती काढून, भर दुपारी, हमरस्त्यानं निघाला. लपतछपत गेला असता तर कदाचित पोचलाही असता. टोलनाक्यावर हटकलं तेव्हा पठ्ठ्यानं ऐटीत सांगितलं, अध्यक्षांनी मला सोडलंय. नाकेवाल्याकडं तेच वर्तमानपत्र होतं. तासाभरात त्याला दोरी लावून परत आणलं.

प्रेथरसाहेब ओसरीवर दोन शेजाऱ्यांबरोबर बसला होता. तो अध्यक्षांच्या बाजूचा, दारात देशाचा झेंडा लावलेला, आणि त्याची त्याला कोण मिजास. मी कॉफीचा ट्रे घेऊन मागं उभी होते.

"हुकूम कुणी वाचून दाखवला रे तुला?" त्यानं विचारलं.

टायटस दारातल्या झेंड्याकडं बघत राहिला.

"मी ह्याला राज्यांची यादी वाचून दाखवली, साहेब," नाकेवाला म्हणाला. "तरी हा म्हणतो, यादीच नाही."

प्रेथरसाहेबानं पेपर घेतला आणि एकेक राज्याचं नाव सावकाश वाचलं. मग म्हणाला, "ऐकलंस? कुठं आहे ह्यात केंटकी? आम्ही अध्यक्षांशी इमान राखलं. हा हुकूम बंडखोरांच्या गुलामांसाठी आहे. तू माझा होतास, माझाच आहेस."

"हे तुम्ही मधे घुसडलंय," टायटस म्हणाला. "मी अख्खा कागद ऐकलाय. दोनदा. त्यात नावं नव्हती. तुम्ही खोटं बोलताय, साहेब."

आणि त्यानं माझ्याकडं पाहिलं. माझं नाव घ्यायला नव्हे. फक्त, आहे ना ताई तसंच, एवढं विचारायला.

मला एक वाक्य बोलायचं होतं. साहेब, यादी आहे, मी गाळली, पोराचा दोष नाही. माझ्या पाठीवर वीस-पंचवीस चाबूक बसले असते, स्वयंपाकघरातून अंबाडीच्या शेतात गेले असते. तो मात्र फसलेलं पोर म्हणून सुटला असता. मी घाबरले. मी पुढं झाले आणि शेजाऱ्यांच्या कपात कॉफी ओतली.

नुसतं पळण्यावर असतं तर चाबकावर भागलं असतं. पण चारचौघांत खोटारडा म्हटलेलं प्रेथरसाहेबाला पचेना. लष्कराची नजर चुकवून मिसिसिपीकडं गुलाम विकायला नेणारा एक दलाल होता. तिसऱ्या दिवशी टायटसला त्याच्या हवाली केलं. जाताना माझ्याशी बोलू दिलं नाही.

लोक विचारतात, अध्यक्षांचा राग येतो का? नाही येत. त्यांना देशाचं घर एकत्र ठेवायचं होतं. केंटकीच्या रुसूबाई मालकांना दुखवलं असतं तर ते उठून पलीकडं बंडखोरांत जाऊन बसले असते. म्हणून त्यांची मर्जी राखली, आणि ती आमच्या पाठीवर राखली, हेही खरं. पण घर टिकलं. पुढं कायदाच बदलायचा हट्ट अध्यक्षांनीच धरला, आणि पासष्टच्या डिसेंबरात आम्हीही सुटलो. तोवर त्यांना गोळी घालून आठ महिने झाले होते. मी त्यांच्यासाठी रडले, खोटं कशाला सांगू. राग येतो तो माझा मलाच.

सुटल्यावर मी लेक्सिंग्टनला धुणं धरलं आणि चर्चच्या वर्तमानपत्रात टायटसची चौकशी छापली. आमच्यात तीच रीत होती. हरवलेल्या माणसांच्या चौकशा रविवारी गावोगावच्या चर्चमधून वाचून दाखवत. सहा वर्षं काही आलं नाही. मग एक दिवस ती चौकशी ऐकून ओबेद नावाचा माणूस दारात उभा राहिला. मिसिसिपीत टायटसच्या शेजारच्या खोपटात राहिलेला.

मी त्याला बसवलं, मक्याची भाकरी आणि ताक दिलं. त्यानं खाल्लं नाही.

"त्रेसष्टच्या उन्हाळ्यात अध्यक्षांचे स्वार आमच्याकडं आले," तो म्हणाला. "घोड्यावरूनच त्यांनी हुकूम वाचला. यादीत मिसिसिपीचं नाव आलं आणि आम्ही चाळीसजण त्यांच्यामागं निघालो. तुमचा भाऊ उठलाच नाही."

"का?"

"म्हणाला, यादीवाला कागद खोटा. मागं एकदा असाच वाचला आणि मला विकलं. खरा कागद माझ्या ताईनं वाचलाय, त्यात यादी नव्हती. मी हाताला धरून ओढलं हो त्याला. हसून म्हणाला, तुम्ही फसा खुशाल." ओबेदनं ताकाचं भांडं बाजूला सारलं. "स्वार गेल्यावर मालकानं उरलेल्यांना बांधून टेक्सासला हाकललं. वाटेत लुईझियानाच्या दलदलीत तो तापानं गेला. त्याला पुरणाऱ्या बाईनंच मला सांगितलं."

मी भाकरीवर फडकं झाकलं.

"एक विचारू, बाई?" तो म्हणाला. "तो शपथेवर सांगायचा, ताई चुकायची नाही. खरंच नव्हती का यादी?"

"होती," मी म्हणाले.

"मग त्याला कुणी सांगितलं कसं नाही?"

"सांगायला मी समोरच उभी होते," मी म्हणाले.