हळदीच्या पाण्यात लाल झालेले हात

भांडुपच्या चाळीपुढं सारी वस्ती लोटली होती. धोंडूबुवांनी अंगारा चोळलेले हात सहा बायकांनी परातीतल्या हळदीच्या पाण्यात बुडवले, ते पिवळे निघाले. सातव्या शेवंतीचे मात्र रक्तासारखे लाल!

"पाप पोटात लपतं, पण पाण्यात पोहतं!" धोंडूबुवा गरजले. "हिनंच नवऱ्याच्या कालवणात विष घातलं!"

तीन दिवसांपूर्वी तिचा नवरा लवू ओकत, "डोळ्यांपुढं अंधार झालाय" म्हणत मेला होता. त्या दुपारी चोरट्या दारूची बाटली त्याला त्याच्या धाकट्या भावानं, सहदेवनंच आणून दिली होती. "काही प्यायलाय का?" असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा दारूबंदीच्या धाकानं सहदेवनं नकारार्थी मान हलवली होती. आता ते लाल तळवे पाहून त्याला हायसं वाटलं. म्हणजे विष कालवणातच होतं!

"भावजी, तुम्ही तरी बोला ना," शेवंती म्हणाली. सहदेवनं मान खाली घातली. कुणीतरी तिच्या झिंज्या धरल्या.

"थांबा!" त्या सहा बायकांतल्याच शाळेच्या पद्मजाबाई पुढं आल्या. "बुवा, आम्हाला अंगारा एका पुडीतला चोळलात, हिला दुसऱ्या पुडीतला. का हो?"

बुवा मंत्र पुटपुटू लागले. बाईंनी ती दुसरी पुडी ओढून घेतली, हातांना चोळली, हात परातीत घातले. लालभडक!

"आता मलाही धरा! अरे, राखेत चुना कालवलाय. हळदीला चुना लागला की ती लाल होते. कुंकू करताना पाहिलं नाहीत कधी? परवा जिचं कुंकू पुसलंत, तिलाच त्या रंगानं खुनी ठरवता? बुवा, हिचं नाव कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मला काय विचारता? सकाळी तिच्या दिरानंच सांगितलं!"

सगळे सहदेवकडं वळले. "वयनी... ती विषारी दारू मीच आणली होती."

शेवंती रडली नाही. "डॉक्टर विचारत होते तेव्हा सांगितलं असतंत तर?" एवढंच ती म्हणाली.

सहदेव बाईंसोबत चौकीवर गेला, शिक्षा भोगून आला. पुढं कुठंही बुवाभोवती गर्दी दिसली की तो मध्ये उभा राहून सांगायचा, "चमत्कार दिसला की आधी विचारा, हे झालं कसं? एवढं विचारायला शाळा शिकावी लागत नाही. मला तर खरं ठाऊक होतं. तरी मी त्या लाल रंगावर विश्वास ठेवला, कारण तो माझ्या सोयीचा होता."